अंड्यावरून आडनाव कळतं, नाव नाही: माकडांच्या विष्ठेतले परजीवी ओळखताना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही प्राणिशास्त्राच्या एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. आंबोली घाटातल्या लालतोंड्या माकडांच्या विष्ठेचे ६० नमुने तुम्ही गोळा केलेत, बहुतेक सगळे १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवलेत, मिठाच्या संपृक्त द्रावणावर अंडी तरंगवून घेतलीत आणि जे दिसलं त्याचे फोटो माणसाच्या परजीवींच्या अ‍ॅटलासशी ताडून चार नावं लिहिलीत: ट्रायक्युरिस ट्रायकियुरा म्हणजे व्हिपवर्म, अँकायलोस्टोमा ड्युओडिनेल म्हणजे एक हुकवर्म, स्ट्राँगिलॉइडिस स्टर्कोरॅलिस हा बारीक जंत आणि एन्टामिबा हिस्टोलिटिका हा एकपेशी अमीबा. आता सरांना संघापासून खालपर्यंत वर्गीकरणाचा तक्ता हवा आहे आणि तुम्हाला मुळात ही ओळखच बरोबर आहे का अशी शंका येते आहे. शेवटी एक ओळ आहे: नमुना १७ फॉर्मेलिनविना दोन दिवस डब्यात राहून गेला, त्यात वळवळणाऱ्या अळ्या होत्या, त्या कशाच्या?

शंका रास्त आहे. चारही नावं माणसाच्या परजीवींची आहेत, कारण अ‍ॅटलास माणसाचा होता. त्यात माकडाचा परजीवी शोधला तर माणसाचंच नाव हाती येणार. तुमच्या नजरेत खोट नाही. फोटोंचं तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून अंडी तुम्ही नीट पाहिली आहेत. फक्त त्या अंड्यांना जेवढं सांगता येतं त्याहून जास्त त्यांच्या तोंडी घातलं गेलंय.

एक शब्दांचा घोळ आधीच मिटवतो. पाठ्यपुस्तकात जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतात. बोलताना मात्र आपण स्पीशीजलाच प्रजाती म्हणून मोकळे होतो. या विषयात हा गोंधळ महागात पडतो, म्हणून मी इथे जीनस आणि स्पीशीज हेच शब्द वापरतो.

आता मुद्द्याचं. तुमच्यापुढचा खरा प्रश्न 'हा परजीवी कोणता' एवढाच नाही. हातात असलेल्या पुराव्यावर नावाच्या कितव्या पायरीपर्यंत जाता येतं, हे ठरवायचं आहे. गावात नवा माणूस आला की आपण विचारतो, कुठले, आडनाव काय, नाव काय. विष्ठेतलं अंडं बहुतेक वेळा आडनाव सांगतं, म्हणजे जीनस. काही वेळा तेही सांगत नाही, नुसतं गाव सांगून थांबतं. स्वतःचं नाव ते फार क्वचित सांगतं.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतोय त्याला कारण आहे. पशुवैद्यकीय परजीवीशास्त्रात मला बावीस वर्षं झाली. रोजचं काम गाई-म्हशी आणि शेळ्यामेंढ्यांचं, माकडं-वानरं अधूनमधून. सुरुवातीच्या काळात एका देवस्थानाजवळच्या माकडांचे नमुने माझ्याकडे आले होते. पिंपाच्या आकाराची अंडी दिसली आणि अहवालात मी सरळ माणसाच्या व्हिपवर्मचं पूर्ण नाव लिहून टाकलं. गावात त्याचा अर्थ असा लागला की पोरांच्या पोटातले जंत माकडांनीच दिले. महिन्याभरात माकडं पकडून न्या म्हणून अर्ज गेले. माझ्या अहवालात माकडाकडून माणसाकडे काही गेल्याचा एकही पुरावा नव्हता. माणसाकडून माकडाकडे गेलं असण्याची शक्यता होतीच, आणि दोघांचे जंत मुळात वेगवेगळे असण्याचीही होती. एका शब्दाने ती माकडं गुन्हेगार ठरली, आणि तो शब्द माझा होता. ते मी विसरलेलो नाही.

तुमच्या यादीतलं पहिलं नाव घेऊ. पिंपासारखं किंवा लिंबासारखं, तपकिरी, दोन्ही टोकांना पारदर्शक बूच असलेलं अंडं म्हणजे ट्रायक्युरिस, याबद्दल सहसा वाद नसतो. कॅपिलारियाच्या अंड्यालाही दोन बुचं असतात, पण ती चपटी असतात आणि कवचावर रेघा किंवा जाळी दिसते. ट्रायक्युरिसचं कवच गुळगुळीत असतं, बुचं बाहेर आलेली असतात. माणसाच्या ट्रायक्युरिसचं अंडं साधारण ५० ते ५५ मायक्रॉन लांब आणि २० ते २५ मायक्रॉन रुंद असतं. माकडांमधलंही जवळपास त्याच मापाचं भरतं, आणि डुकराच्या ट्रायक्युरिस सुइसचं थोडं मोठं असलं तरी मापं एकमेकांत शिरतात. म्हणजे जीनसपर्यंत तुम्ही बरोबर आहात, पुढचा शब्द मात्र अंड्यावर लिहिलेला नाही.

पूर्वी सगळ्याच माकडांमधल्या व्हिपवर्मला ट्रायकियुरा म्हणण्याची पद्धत होती. डीएनए तपासायला लागल्यावर त्या एका नावाखाली बरीच मंडळी निघाली. आफ्रिकेतल्या कोलोबस गेरेझा या माकडातली ट्रायक्युरिस कोलोबी २०१४ मध्ये वेगळी स्पीशीज म्हणून मांडली गेली. २०१७ मध्ये चकमा बबूनमधली ट्रायक्युरिस अर्सिनस आली. कोलोबस हा आपल्या काळतोंड्या वानराच्या, म्हणजे लंगुराच्या, पानं खाणाऱ्या गोतावळ्यातला. त्यामुळे आंबोलीतल्या वानरांची आणि लालतोंड्या माकडांची व्हिपवर्म एकच असेल असंही गृहीत धरू नका. तुमच्या ६० पैकी एखादा नमुना चुकून वानराचा असला तर काय होईल, याचा विचार करून ठेवा. त्यावर पुढे बोलतोच.

दुसरं नाव, अँकायलोस्टोमा ड्युओडिनेल. इथे मला तुम्हाला जीनसच्याही एक पायरी वर थांबवायचं आहे. पातळ कवचाचं, लंबगोल, आत चार-आठ किंवा जास्त पेशींचा घोस असलेलं अंडं म्हणजे 'स्ट्राँगिल प्रकारचं अंडं'. हुकवर्म म्हणजे अंकुशकृमी असं अंडं घालतात. इसोफॅगोस्टोमम असंच घालतो, टर्निडेन्स असंच घालतो, ट्रायकोस्ट्राँगिलसही असंच घालतो, फक्त त्याचं अंडं अधिक लांबट आणि एका टोकाला निमुळतं असतं. हुकवर्मचं अंडं ५५ ते ७५ मायक्रॉन लांब असतं. इसोफॅगोस्टोममचं ६० ते ८५ च्या घरात जातं. ट्रायकोस्ट्राँगिलसचं ७५ ते ९५, टर्निडेन्सचं ८० च्या पुढे. म्हणजे तुम्हाला ७० मायक्रॉनचं अंडं मिळालं तर ते हुकवर्मचं असू शकतं आणि इसोफॅगोस्टोममचंही. मकाक माकडांमध्ये, म्हणजे तुमची लालतोंडी ज्या जीनसमधली त्यांच्यात, माझा पहिला संशय इसोफॅगोस्टोममवर असतो. शेळ्यामेंढ्यांच्या आतड्यावर गाठी आणणारा नोड्युलर वर्म तुम्ही ऐकला असेल, त्याचाच हा भाऊबंद, आणि माकडांच्या मोठ्या आतड्याच्या भिंतीतही तशाच गाठी आणतो. माणसाच्या अ‍ॅटलासात त्याला एखाद्या कोपऱ्यात जागा असते. म्हणून तो तुमच्या डोळ्यांपुढे आलाच नाही.

हे वेगळं करायचं असेल तर अंड्याला अळी होऊ द्यावी लागते. ताजी, फॉर्मेलिन न लागलेली विष्ठा कोळशाच्या भुकटीत कालवायची, ओलसर ठेवायची, २५ ते २८ अंशांवर सात ते दहा दिवस ठेवायची आणि मग बेअरमनच्या फनेलने तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या खाली उतरवायच्या. त्या अळ्या अंड्यांसारख्या एकमेकींच्या प्रतिकृती नसतात. इसोफॅगोस्टोममच्या अळीचं बाहेरचं आवरण शेपटीच्या पुढे लांब चाबकासारखं जातं आणि आतड्याच्या पेशी त्रिकोणी, नागमोडी ओळीत बसवलेल्या दिसतात. ट्रायकोस्ट्राँगिलसचं आवरण शेपटीपुढे आखूड असतं. हुकवर्मच्या अळीत त्या त्रिकोणी पेशी नसतात आणि शेपटी साधी निमुळती असते. एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की या अळ्या विसरायला होत नाहीत. मला स्वतःला परजीवीशास्त्रातलं सर्वांत समाधान देणारं काम हेच वाटतं, कारण जे अंड्याने लपवलेलं असतं ते आठवड्याभराच्या सांभाळाने आपोआप समोर येतं.

तिसरं नाव, स्ट्राँगिलॉइडिस स्टर्कोरॅलिस. यात गंमत अशी की तुमचंच निरीक्षण तुमच्या नावाच्या विरोधात जातंय. तुम्ही लिहिलंय की फॉर्मेलिनमधल्या काही नमुन्यांत लहान अंडी आणि त्यांत गुंडाळलेली अळी दिसली. स्टर्कोरॅलिसची अंडी आतड्यातच फुटतात आणि विष्ठेतून अळ्या बाहेर येतात. अळी असलेली अंडी विष्ठेतून बाहेर पडणं हे जुन्या जगातल्या, म्हणजे आशिया-आफ्रिकेतल्या, माकडांमधल्या स्ट्राँगिलॉइडिस फ्यूलेबॉर्नीचं लक्षण आहे. त्याचं अंडं साधारण ५० बाय ३५ मायक्रॉनचं, हुकवर्मच्या अंड्यापेक्षा लहान. यादीतलं हे एकच ठिकाण जिथे अंड्याची अवस्था, माप आणि यजमान प्राणी असे तीन पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात. तरीही अट एकच: नमुना पडल्यावर किती वेळात फॉर्मेलिनमध्ये गेला? उन्हात चार-सहा तास पडून राहिलेल्या विष्ठेत इतर जंतांची अंडीही पुढे सरकलेली असतात. वेळेची नोंद असेल तर 'बहुधा फ्यूलेबॉर्नी' म्हणा. नसेल तर 'स्ट्राँगिलॉइडिससदृश' म्हणून थांबा.

चौथं, एन्टामिबा हिस्टोलिटिका. चार केंद्रकांची, १० ते २० मायक्रॉनची सिस्ट, म्हणजे कवचबंद अवस्था, पाहून हे नाव लिहिण्याचे दिवस १९९३ मध्येच संपले. त्या वर्षी रोग करणारी हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार या दोन वेगळ्या स्पीशीज असल्याचं पक्कं झालं. परजीवीशास्त्रज्ञ ब्रुम्प यांनी तसं १९२५ मध्येच सुचवलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोघींच्या सिस्ट अगदी सारख्या. आणि मकाक माकडांमध्ये तिसरीही आहे, एन्टामिबा नटाली. कॅस्टेलानी यांनी १९०८ मध्ये श्रीलंकेत एका माकडाच्या यकृतातल्या गळवाच्या संदर्भात तिचं वर्णन केलं होतं. नंतर ते नाव बरीच वर्षं अडगळीत पडलं आणि २००७ नंतर डीएनएच्या आधारे परत वापरात आलं. आशियातल्या मकाकांमध्ये ती वारंवार सापडते. तेव्हा आंबोलीतल्या माकडात चार केंद्रकांची सिस्ट दिसली तर हिस्टोलिटिकाच्या आधी डिस्पार आणि नटाली आठवायला हव्यात. तक्त्यात 'एन्टामिबा, हिस्टोलिटिका गट' असं लिहा. आठ केंद्रकं असतील तर एन्टामिबा कोलाय, एकच असेल तर पोलेकी आणि चॅटोनी यांच्या गटातली शक्यता.

या चौथ्या नावाबाबत आणखी एक अडचण आहे, ती तुमच्या पद्धतीची. मिठाच्या संपृक्त द्रावणाचं विशिष्ट गुरुत्व १.२ च्या आसपास असतं आणि त्यात प्रोटोझोआंच्या, म्हणजे एकपेशी परजीवींच्या, सिस्ट पाणी गमावून सुरकुततात. जिआर्डियाची सिस्ट तर एका बाजूने आत दबून चंद्रकोरीसारखी होते. अशा स्लाइडवर केंद्रकं मोजणं मला तरी जमलेलं नाही. सिस्टसाठी फॉर्मेलिन-ईथर पद्धतीने गाळ खाली बसवा, एक थेंब साध्या सलाइनमध्ये आणि एक आयोडिनमध्ये पाहा. पर्णकृमींची जड अंडीही मिठावर तरंगत नाहीत, तळाशी बसून राहतात. म्हणून आजच्या घडीला तुमच्या तक्त्यात पर्णकृमींपुढे 'नाही' असं लिहिता येणार नाही. 'या पद्धतीने तपासले नाही' असंच लिहावं लागेल. तुमचे नमुने फॉर्मेलिनमध्ये असल्यामुळे ही गाळाची तपासणी आजही जवळजवळ सगळ्या नमुन्यांवर करता येईल, हे चांगलं आहे.

गाळात काय भेटेल? माझा अंदाज, बॅलँटिऑइडिस कोलाय हा एकपेशी परजीवी भेटायला हरकत नाही. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव बॅलँटिडियम आहे. ५० ते ७० मायक्रॉनची गोल सिस्ट आणि आत मूत्रपिंडाच्या आकाराचं मोठं केंद्रक, इतकं मोठं की लहान लेन्सखालीही चुकत नाही. पट्टकृमींपैकी बर्टिएला स्टुडेरी हा जुन्या जगातल्या माकडांचा खास रहिवासी. ४५ ते ५० मायक्रॉनच्या अंड्याच्या आत नाशपातीच्या आकाराची रचना दिसली की तोच. मातीतले ओरिबॅटिड माइट त्याचे मध्यस्थ यजमान असतात. भारतात माणसांमध्येही तो सापडलेला आहे. जाड कवचाची, आत तयार अळी असलेली अंडी दिसली तर ती स्पायरुरिड गटाची असू शकतात. ती किडे खाण्यातून येतात. स्ट्रेप्टोफॅरॅगस हे त्यातलं मकाकांमधलं ओळखीचं नाव.

किड्यांवरून आठवलं. लालतोंडं माकड मिळेल ते खातं: फळं, कोंब, टोळ, कोळी, पर्यटकांनी टाकलेले वेफर्स. त्यातलं बरंचसं न पचता बाहेर येतं. माइटची अंडी हुकवर्मच्या अंड्यांसारखी दिसतात, पण मापाने जवळजवळ दुप्पट असतात आणि कधी कधी आत पाय दिसतात. परागकण अ‍ॅस्कॅरिसच्या खडबडीत अंड्याची हुबेहूब नक्कल करतात. वनस्पतींच्या मुळांवरचे सूत्रकृमीही सापडतात. दुसऱ्या प्राण्याची विष्ठा लागलेलं काही माकडाने खाल्लं, तर नुसती वाटसरू अंडीही स्लाइडवर दिसू शकतात. म्हणून एकाच नमुन्यात एकदाच दिसलेल्या एकुलत्या एक अंड्यावर मी कधी नाव ठेवत नाही. त्याच माकडाच्या किंवा त्याच टोळीच्या दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यात ते परत दिसलं पाहिजे.

मोजमापाबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. आयपीसमधली पट्टी स्टेज मायक्रोमीटरवर जुळवून घेतली होती का? त्या काचेवर १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी जुळवणी वेगळी करावी लागते आणि सूक्ष्मदर्शक बदलला की पुन्हा करावी लागते. एका विद्यार्थ्याने एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्यावर वापरला आणि त्याची सगळी अंडी सव्वापट निघाली. सगळा तक्ता त्याला नव्याने करावा लागला होता. प्रत्येक प्रकारची निदान २० ते ३० अंडी मोजा आणि लांबी-रुंदीची सरासरी, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त असे तिन्ही आकडे द्या. फोटोवर मापाची रेघ नसेल तर तो फोटो ओळखीसाठी निकामी आहे, मग कितीही स्वच्छ असो.

थोडक्यात, आतापर्यंत: ट्रायक्युरिस जीनसपर्यंत पक्का. दुसऱ्याला हुकवर्म असं म्हणता येत नाही, 'स्ट्राँगिल प्रकार' म्हणायचं. स्टर्कोरॅलिस खोडायचं, फ्यूलेबॉर्नी वेळेची नोंद पाहून लिहायचं. हिस्टोलिटिका खोडून गट लिहायचा, तेही आयोडिनखाली केंद्रकं परत मोजून.

आता नमुन्यांकडे. ६० नमुने म्हणजे ६० माकडं नव्हेत. टोळीत ३० माकडं असतील आणि तुम्ही पाच दिवस त्याच कठड्याजवळ नमुने उचलले असतील, तर एकाच माकडाचे तीन नमुने आले असण्याची दाट शक्यता आहे. मग '४० टक्के माकडांना संसर्ग' असं लिहिता येत नाही, '४० टक्के नमुन्यांत आढळ' असं लिहायचं. आंबोलीत वानरंही आहेत. विष्ठा टाकताना प्राणी डोळ्यांनी पाहिला होता, की वाळलेली विष्ठा नंतर उचलली? पाहिला असेल तर नर की मादी, पिल्लू की मोठं, वेळ काय, हे नोंदवलेलं असावं. जमिनीला टेकलेला भाग सोडून मधला भाग घ्यावा, कारण आंबोलीसारख्या वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होणाऱ्या जागी जमीनच मुक्त सूत्रकृमींनी भरलेली असते. पावसाळ्यात घेतलेले आणि मे महिन्यातले नमुने एका टोपलीत टाकू नका, कारण अळ्यांना जगायला ओल लागते आणि ऋतूप्रमाणे चित्र पालटतं. यातलं किती तुमच्या वहीत आहे त्यावर तुमच्या निष्कर्षांची झेप ठरेल, ते मी इथे बसून ठरवू शकत नाही.

वर्गीकरणाचा तक्ता कसा लिहायचा याबद्दल सरांशी मोकळेपणाने बोला. सगळ्या ओळी शेवटपर्यंत भरलेल्या असल्याच पाहिजेत असं नाही. ट्रायक्युरिस: संघ निमॅटोडा, गण ट्रायकिनेलिडा, कुल ट्रायक्युरिडी, जीनस ट्रायक्युरिस, स्पीशीज अनिश्चित. स्ट्राँगिल प्रकार: संघ निमॅटोडा, गण रॅबडिटिडा, त्यापुढे रेघ. बर्टिएला मिळालाच तर सायक्लोफिलिडिया गणात, अ‍ॅनोप्लोसेफॅलिडी कुलात. जुन्या पुस्तकांत निमॅटोडांचे फॅस्मिडिया आणि अफॅस्मिडिया असे दोन भाग दिसतील. आजच्या मांडणीत क्रोमॅडोरिया आणि इनोप्लिया असतात. कुठलीही एक मांडणी घ्या, पण दोन्हींची खिचडी करू नका. आणि 'प्रोटोझोआ' हा शब्द सोयीपुरता ठेवा. एन्टामिबा, जिआर्डिया, बॅलँटिऑइडिस आणि ब्लास्टोसिस्टिस यांची घराणी एकमेकांपासून फार दूरची आहेत, त्यांना एका संघात बसवलं तर परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवेल.

स्पीशीजपर्यंत जायचंच असेल तर दोन वाटा आहेत. एक, प्रौढ जंत. ते विष्ठेतून आपोआप पडले तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. बर्टिएलाचे रुंद, आखूड खंड साखळीने पडतात. व्हिपवर्मच्या नराचं स्पिक्यूल, म्हणजे समागमाचा काटा, आणि त्यावरची पिशवी मोजली तर बरंच कळतं. दुसरी वाट डीएनएची, त्यात ओळखीसाठी डीएनएचे ठरावीक भाग वाचतात. स्ट्राँगिल गट आणि ट्रायक्युरिससाठी आयटीएस भाग, स्ट्राँगिलॉइडिससाठी १८एस आणि सीओएक्स-१, एन्टामिबासाठी एसएसयू. पण फॉर्मेलिनने डीएनए तुटतो, त्यामुळे आहेत त्या नमुन्यांकडून ही अपेक्षा धरू नका. पुढच्या वेळी प्रत्येक विष्ठेचे तीन भाग करा: एक फॉर्मेलिनमध्ये, एक ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, आणि एक नुसता, डब्यात हवा खेळती ठेवून, अळ्या वाढवण्यासाठी. कॉक्सिडिया हे एकपेशी परजीवी पाहायचे असतील तर चौथा भाग अडीच टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये. वेळ कमी असेल तर ६० ऐवजी १५ नमुने अशा रीतीने घ्या, त्यांचं मोल जास्त आहे. अळ्या वाढवण्यासाठी जवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा. शिरवळला आहे, परळला आहे. परजीवीशास्त्र विभागात ही सोय असते आणि शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी मदत मिळते. वनखात्याची परवानगी मात्र कागदावर हवी. नुसती विष्ठा उचलायची असली तरी राखीव जंगलात ती लागते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आंबोली सिंधुदुर्गात आहे, आणि सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचे, रुग्ण निघत आले आहेत, विशेषतः दोडामार्ग आणि सावंतवाडीच्या बाजूला. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळ तो प्रथम ओळखला गेला. तो गोचिडांमधून पसरतो आणि माकडं त्याने मरतात. प्रौढ जंत मिळतील म्हणून मेलेल्या माकडाजवळ अजिबात जाऊ नका. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून पसरतात. लांबूनच वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा. जंगलात जाताना पूर्ण बाह्या, मोज्यांत खोचलेली पँट, आणि घरी आल्यावर अंग तपासणं. विष्ठा हाताळताना हातमोजे आणि बंद बूट लागतात, कारण स्ट्राँगिलॉइडिस आणि हुकवर्मच्या अळ्या कातडीतून शिरतात. एन्टामिबाची सिस्ट तर पडल्यापडल्याच संसर्ग करू शकते. ट्रायक्युरिसच्या अंड्याला मात्र मातीत दोन ते चार आठवडे पिकावं लागतं, ताज्या विष्ठेतून तो लगेच लागत नाही. हे शेवटचं वाक्य गावात कुणी घाबरून विचारलं तर जरूर सांगा. आणि माकडांना खाऊ घालू नका हेही सांगा, कारण एका जागी गर्दी झाली की त्याच मातीत सगळ्यांची विष्ठा पडते आणि सगळे तिथूनच खातात, माणसं धरून.

राहिला नमुना १७. दोन दिवस डब्यात उबेत राहिलेल्या विष्ठेत वळवळणाऱ्या अळ्यांचे तीन उमेदवार आहेत. हुकवर्म किंवा त्याच्या भाऊबंदांची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. फ्यूलेबॉर्नीची तर काही तासांत. आणि तिसरे, जमिनीतून आलेले मुक्त सूत्रकृमी, ज्यांचा माकडाशी काही संबंध नाही. त्या नमुन्यात अजून जिवंत अळ्या असतील तर आयोडिनचा एक थेंब टाकून त्यांना थांबवा आणि ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली आधी तोंड पाहा. तोंडाची पोकळी लांब, जवळजवळ अंगाच्या रुंदीइतकी असेल आणि मधोमध जननांगाचा अंकुर शोधूनही नीट दिसत नसेल, तर हुकवर्मच्या बाजूची अळी. तोंडाची पोकळी अगदी आखूड आणि अंकुर ठळक असेल, तर स्ट्राँगिलॉइडिस. एकाच थेंबात लहान, मोठी, अंडी पोटात असलेली मादी असं सगळं कुटुंबच सापडलं, तर ते जमिनीतले सूत्रकृमी असू शकतात किंवा स्ट्राँगिलॉइडिसचीच मुक्त पिढी. तेव्हा मादीच्या जननद्वाराच्या लगेच मागे अंग आवळल्यासारखं दिसतंय का ते पाहा, कारण फ्यूलेबॉर्नीच्या मुक्त मादीत ते आवळलेपण असतं. मापाच्या रेघेसह तोंडाचा एक आणि मधल्या भागाचा एक असे दोन फोटो काढून पाठवा, आणि तो नमुना कुठल्या जागेवरून, किती वाजता उचलला होता तेही वहीतून पाहून कळवा.